सेफलाइट

धनकवडीत, मेडिकलच्या वरच्या मजल्यावर
सानिया तांबोळी माझ्या गुडघ्यांपुढे पॅनेल सरकवते
आणि ट्यूबलाइट बंद करते.
पडदा, स्टूल, भिंतीवरचा मणक्याचा तक्ता,
माझी पांढरी साडी,
सगळं एका रंगाचं होतं.
"चष्मा लावा आजी, डोळे मिटा. वीस मिनिटं."
मी चष्मा कपाळावर ढकलते.
एकतीस वर्षं ह्याच उजेडात डोळे उघडे ठेवायचा
पगार घेतलाय मी.

सरकारी दवाखाना, एक्स-रेच्या मागची अंधारखोली.
दारावर पाटी: काम चालू आहे, दार उघडू नये.
आत एक लाल बल्ब, तीन टाक्या,
आणि हायपोचा आंबूस वास,
जो दिवाळीच्या उटण्यानंही बोटांवरून गेला नाही.
फिल्म हँगरला लावायची, बुडवायची, आकडे मोजायचे.
लोकांना वाटतं हाड उमटतं.
उमटत नाही.
भोवतालचं सगळं काळं होत जातं
आणि ते तेवढं मागे राहतं.

कोणत्या रस्त्याला नवा खड्डा पडलाय
मला मनगटांवरून कळायचं.
रविवारी सिंहगडावर गेलेले घोटे
सोमवारी सकाळी रांगेत.
गणपती उठले की ढोलवाल्या पोरांचे खांदे.
साहेबांच्या आधी मी बघायची,
पण बोलायची परवानगी साहेबांना.
बाकावरची माणसं माझ्या तोंडाकडे बघत,
मी ओली फिल्म निथळत धरून
"साहेब सांगतील" म्हणत पुढे.

एकदा चिठ्ठीवर आमच्या ह्यांचं नाव आलं.
कमरेचं हाड.
त्यात कीड लागलेल्या डाळीसारखी भोकं.
मी फिल्म फिक्सरमध्ये सोडली
आणि वेळ पुरती भरू दिली, एक सेकंदही कमी नाही.
बाहेर ते तंबाखू मळत बसलेले.
"काय दिसलं गं?"
"साहेब सांगतील."

आता माझाच आकडा आलाय,
उणे दोन पूर्णांक आठ.
सुनेनं दहा बैठकांचे पैसे आधीच भरले,
कुणीतरी तिला सांगितलं, लाल दिव्यानं हाड भरतं,
रक्त खेळतं, म्हातारी पळायला लागते.
मी सानियाला विचारते, भरतं का गं खरंच?
ती पॅनेलचा स्क्रू घट्ट करते. जरा थांबते.
"दुखणं उतरतं म्हणतात काहीजण.
हाडाचं कुणी छातीवर हात ठेवून सांगत नाही अजून.
गोळ्या सोडू नका. चालणं सोडू नका."
बरं वाटलं.
साहेब सांगतील, असं नाही म्हणाली.

गुडघे कोमट होतात,
उन्हात ठेवलेल्या पितळेच्या तांब्यासारखे.
मी उगाच हात पुढे करते,
बोटं दिव्याला लावते, मिटून.
जुनी सवय, आत हाड शोधायची.
दिसत नाही.
कडांना नुसता रसरशीत लाल उजेड,
डाळिंबाचा दाणा खिडकीत धरावा तसा.
इतकी वर्षं माणसांच्या आत बघितलं
आणि हे कधी दिसलंच नाही, हे वाहणारं,
फिल्मवर न येणारं,
त्याही दिवशी त्यांच्या अंगात असणारच की,
तंबाखू मळणाऱ्या अंगठ्यात, तळव्यात,
मी नुसती भोकं मोजत होते.

कुणीतरी दार ठोठावतं.
पुढचा पेशंट असेल, किंवा चहावाला.
कडी वाजते, फटीतून जिन्यावरचा पांढरा उजेड
फरशीवर पडतो
आणि माझ्याच तोंडून, चढ्या आवाजात,
"दार उघडू नका!
फिल्म आहे आत!"

सानिया हसत सुटते.
मग माझ्याकडे बघून गप्प होते,
उठते,
आणि दार लोटून घेते.
"अजून चार मिनिटं आहेत," बाहेर सांगते,
"काम चालू आहे."